प्रदर्शनाचें सूचिपत्र

गेल्या श्रावणांत आमच्या अभ्यासिकेंतील एका कपाटास वाळवी लागली, आणि त्या निमित्तानें पुष्कळ वर्षें ज्या खणास कोणीं हात लावला नव्हता तो रिकामा करावा लागला. खणांतून चित्रप्रदर्शनांचीं पत्रकें, घडीचे कागद आणि चार-आठ पानांच्या पुस्तिका यांची एक भली मोठी रास निघाली. मुंबईस जहांगीर आर्ट गॅलरींत आणि आसपासच्या चित्रशाळांतून हिंडण्याची संवय आम्हांस विद्यार्थिदशेपासून आहे; प्रत्येक फेरींत मेजावरून उचलून खिशांत घातलेले ते हे कागद. “हे रद्दींत घालावयाचे काय?” अशी घरांतून पृच्छा झाली. उत्तर देण्यापूर्वीं एकदां नजरेखालून घालावेत म्हणून आम्ही बसलों तों दिवेलागण झाली. आणि उठलों ते कांहींसे उदास होऊनच उठलों. वाळवीनें खाल्लेल्या कागदांपेक्षां शिल्लक राहिलेल्या कागदांनींच आम्हांस अधिक खिन्न केलें.

कारण असें कीं, त्या राशींतून इतक्या वर्षांत पाहिलेलीं चित्रें पुन्हां डोळ्यांपुढें उभीं राहतील अशी आमची अपेक्षा होती; आणि उभें राहिलें तें एकच पत्रक, शेंकडों वेळां छापलेलें. गुळगुळीत कागद, दर्शनी पानावर एखाद्या चित्राचा कापलेला तुकडा व त्याच्या अंगावरून गेलेलें चित्रकाराचें नांव, आंत हनुवटीस हात लावून बसलेल्या चित्रकाराचें छायाचित्र, मागें पूर्वींच्या प्रदर्शनांची व पारितोषिकांची यादी, आणि मध्यें एक इंग्रजी परिच्छेद, ज्यांत प्रकाश, अवकाश, अंतर्यात्रा, शोध ह्या अर्थाचे तेच तेच शब्द निरनिराळ्या क्रमानें आलेले. दहा पत्रकांवरील नांवें झांकून ह्या परिच्छेदांची अदलाबदल केली, तर ती खुद्द चित्रकारांच्या देखील ध्यानांत येणार नाहीं. उलट चित्र केव्हां काढलें, केवढें आहे, तैलरंगांत आहे कीं जलरंगांत, ही साधी माहिती पुष्कळ पत्रकांवर नाहींच. मराठींत छापलेले कागद किती निघाले तें सांगण्याची आम्हांस लाज वाटते. ते मोजावयास एका हाताचीं बोटें पुरलीं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कागदावरून एवढें मनास लावून घेण्यासारखें काय आहे? चित्रें चांगलीं असलीं म्हणजे झालें. परंतु थोडा विचार केला तर ध्यानांत येईल कीं, चित्र आणि चित्रप्रदर्शन ह्या दोन भिन्न वस्तु आहेत. चित्र टिकतें, प्रदर्शन आठवडाभर असतें. आठवडा सरला कीं चित्रें भिंतीवरून उतरतात, एखादें कोणी विकत घेतो, बाकीचीं वेष्टनांत बांधून चित्रकाराच्या घरीं माळ्यावर जातात, आणि त्याच भिंतीवर दुसऱ्याचीं चित्रें चढतात. तीं पहिलीं चित्रें त्याच क्रमानें, एकमेकांच्या त्याच शेजारानें पुन्हां कधीं एकत्र येणें बहुधा नाहींच. मग त्या आठ दिवसांचें मागें उरतें काय? तो हातांतला कागद. नाटकाचा प्रयोग संपला तरी संहिता राहते. मैफल संपली तरी हल्लीं ध्वनिमुद्रिका राहते. प्रदर्शनाला त्याच्या सूचिपत्रावांचून दुसरें दप्तर नाहीं.

ही गोष्ट ज्या चित्रकारांनीं वेळींच ओळखली त्यांनीं ह्या कागदाची हेळसांड केली नाहीं. कूर्बेनें १८५५ सालीं पॅरिसांत स्वतःचा मंडप उभारून चित्रें मांडलीं, तेव्हां त्याच्या पातळशा सूचिपत्राला जोडलेली लहानशी प्रस्तावनाच पुढें वास्तववादाचा जाहीरनामा म्हणून गाजली. व्हिस्लरची रीत त्याहून मिस्कील. १८८३ सालीं लंडनच्या फाइन आर्ट सोसायटींत त्यानें आपलीं व्हेनिसचीं अम्लरेखनें मांडलीं आणि साध्या तपकिरी कागदाच्या वेष्टनांत एक पुस्तिका काढली. तींत चित्रांच्या नांवांखालीं टीकाकारांनीं त्याच्यावर पूर्वीं केलेली निंदा त्यांच्याच शब्दांत छापून टाकली! त्या टीकाकारांपैकीं कित्येकांचीं नांवें आज कोणाच्या स्मरणांत असतील तर तीं त्या पुस्तिकेच्या कृपेनेंच.

व्हिस्लरच्या ह्या तपकिरी कागदाची आठवण होण्यास कारण आमच्या राशींतच होतें. तींत तीन पुस्तिका निराळ्या निघाल्या. त्या मुंबईच्या नव्हत. हॉलंडांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आमच्या एका विद्यार्थ्यानें तेथील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्या आमच्यासाठीं आणल्या होत्या, आणि आम्हीं त्या त्या वेळीं चाळून, “डच भाषा आम्हांस येत नाहीं” म्हणून ठेवून दिल्या होत्या. ह्या खेपेस भाषा न येणें हेंच उपकारक ठरलें. वाचतां येत नसल्यामुळें आम्हांला त्या पहाव्या लागल्या. किराण्याच्या पुडीस वापरतात तसला जाडाभरडा खाकी कागद. त्यावर हातानें फाडून काढल्यासारख्या कडांचें एक भलें मोठें अक्षर. एखादा लाल रंगाचा तुकडा. आणि मग पुष्कळशी मोकळी जागा. आंत मजकूर खरबरीत कागदावर व चित्रें गुळगुळीत कागदावर, असें कीं पान उलटतांना बोटांनाच कळावें कीं आतां वाचणें संपलें व पाहणें सुरू झालें. आमच्याकडे ज्या कागदांत हिंग-जिरें बांधून देतात त्या कागदांत युरोपच्या अर्वाचीन कलेचीं सूचिपत्रें बांधलेलीं पाहून प्रथम हंसूं आलें. मागाहून त्या कागदाचा इतिहास वाचला तेव्हां तें ओसरलें.

ह्या पुस्तिकांचा कर्ता विलेम सँडबर्ग हा ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमचा १९४५ पासून १९६२ पर्यंत संचालक होता. एवढ्या मोठ्या संग्रहालयाचा मुख्य अधिकारी सूचिपत्रें व भित्तिपत्रकें स्वतःच्या हातानें रची, आणि तीं कचेरीचें काम आटोपल्यावर, रात्रीं व सुटीच्या दिवशीं! छपाई होई ती नगरपालिकेच्या छापखान्यांत. नगरपालिकेचा छापखाना म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें पाणीपट्टीचीं बिलें येतात. तेथें शेंकडों कलापुस्तिका निघाल्या. संचालक होण्यापूर्वींही तो त्याच संग्रहालयांत होता, आणि तेथील काळोख्या दालनांच्या भिंतींना पांढरा रंग देवविण्याचें श्रेयही त्याचेंच. आज जगांतील प्रत्येक चित्रशाळा पांढरी असते. १९३८ सालीं ती गोष्ट नवी होती.

परंतु त्या फाटक्या कडांचें मूळ छापखान्यांत नाहीं. तें युद्धांत आहे. जर्मनांनीं हॉलंड व्यापल्यावर नागरिकांच्या ओळखपत्रांची पडताळणी करण्यासाठीं ॲमस्टरडॅमच्या लोकनोंदणी कचेरींतील पत्रें वापरलीं जात. ज्यूंना वांचविण्यासाठीं खोटीं ओळखपत्रें तयार करणाऱ्या मंडळींत चित्रकार होते, मुद्रक होते, आणि सँडबर्गही होता. ओळखपत्र कितीही हुबेहूब साधलें तरी कचेरींतील मूळ नोंद त्याच्या विरुद्ध साक्ष देई. म्हणून २७ मार्च १९४३ च्या रात्रीं ह्या मंडळींनीं ती कचेरीच स्फोटकांनीं उडविण्याचा प्रयत्न केला. कटवाल्यांपैकीं बहुतेक पकडले गेले. चित्रकार विलेम आरोंडेयस ह्याच्यासह बाराजणांना त्याच वर्षाच्या १ जुलै रोजीं गोळ्या घालण्यांत आल्या. खोटीं ओळखपत्रें छापणारा मुद्रक फ्रान्स ड्यूवार १९४४ सालीं त्याच मार्गानें गेला. सँडबर्ग निसटला व खोट्या नांवानें युद्ध संपेपर्यंत लपून राहिला. त्या अज्ञातवासांत, १९४३ च्या अखेरीपासून १९४५ पर्यंत, त्यानें हातानें लहान लहान पुस्तिका रचल्या. मिळेल तो कागद, फाडलेले तुकडे, वेष्टनें, चिकटवलेलीं अक्षरें. त्यांस पुढें ‘एक्सपेरिमेंटा टिपोग्राफिका’ हें नांव मिळालें. संग्रहालयाच्या सूचिपत्रांतील सगळी भाषा ह्या पुस्तिकांत आधींच जन्मलेली आहे.

कागदाच्या एका चिटोऱ्यावर माणसाचें मरण किंवा जगणें अवलंबून असतें हें ज्यानें पाहिलें, त्यानें पुढें सत्तेच्या दिमाखाचा चकचकीत कागद टाकून बाजारांतला कागद घेतला, ह्यांत आम्हांस विलक्षण संगति दिसते. इंग्रजी-डच लिपींतील मोठीं अक्षरेंही त्यानें सोडून दिलीं; विशेषनाम असो कीं वाक्याचा आरंभ असो, सगळीं अक्षरें एकाच उंचीचीं. अशी पुस्तिका हातांत घेणारा मनुष्य दबून जात नाहीं. येथें कोणी मोठा तुम्हांस कांहीं शिकवावयास बसलेला नाहीं, असें तो खाकी कागदच सांगतो.

सँडबर्गमध्यें दोष नाहींत असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. तीन पुस्तिका शेजारीं ठेवल्या तर तीन चित्रकारांपूर्वीं एक सँडबर्गच डोळ्यांत भरतो. चित्रकार शांत असो कीं उग्र असो, फाटक्या कडा त्याच. गवई कोणीही असला तरी मैफलींत एकाच तबलजीचा ठेका ऐकूं यावा, तशी ही गोष्ट आहे. ठेका सुंदर आहे, म्हणून तक्रार कमी करतां येते, सोडतां येत नाहीं.

ही तक्रार ज्यानें कृतीनें केली तो विम क्रौवेल. सँडबर्ग निवृत्त झाल्यावर एडी द विल्ड हा आइंडहोव्हनच्या फान आबे म्युझियममधून स्टेडेलिकचा संचालक होऊन आला, आणि त्यानें तेथील आपला जुना सहकारी क्रौवेल ह्याला १९६४ पासून संग्रहालयाच्या छपाईचें काम दिलें. क्रौवेलनें खाकी कागद, फाटक्या कडा, सर्व कांहीं दूर केलें. सूचिपत्रांना एक ठराविक माप. पानावर अदृश्य चौकटींची एक जाळी. त्या जाळीवर सरळ, शेंडीशेपूट नसलेलीं अक्षरें. चित्रकार कोणीही असो, नियम तोच. १९६८ च्या एका भित्तिपत्रकांत तर त्यानें ती जाळीच उघडी करून दाखविली. रचनाकारानें चित्रकार व प्रेक्षक ह्यांच्या मध्यें येऊं नये, माहिती स्वच्छपणें पोंचवावी व बाजूस व्हावें, असा त्याचा पक्ष. आम्ही अध्यापक असल्यामुळें ह्या पक्षाचें महत्त्व आम्हांस चांगलें कळतें. पन्नास वर्षांनीं एखादा अभ्यासक चित्राचें साल, माप व मालकी शोधूं लागला, तर त्याला क्रौवेलच्या पुस्तिकेंत तें क्षणांत सांपडेल. सँडबर्गच्या पुस्तिकेंत त्याला आधीं दहा मिनिटें कागदच न्याहाळावा लागेल. आणि आमच्या राशींतील मुंबईच्या पत्रकांत तें बहुधा मिळणारच नाहीं.

आतां ह्यांत एक गंमत आहे. ह्याच क्रौवेलनें १९५७ सालीं आइंडहोव्हनांत फर्नांद लेझेच्या प्रदर्शनासाठीं जें काम केलें त्यांत लेझेचें नांव अशा जाड, काळ्या, ठासून भरलेल्या अक्षरांत काढलें आहे कीं लेझेच्या चित्रांतील काळ्या बाह्यरेषाच उठून अक्षरें झाल्या असें वाटावें. मधें न येण्याचा उपदेश करणारा मनुष्य येथें चित्रकाराचा आवाज काढून बोलतो आहे! आणि आमच्या मतें तें त्याचें सर्वांत जिवंत काम आहे. नियमापेक्षां नियमकर्त्याचा हात अधिक शहाणा, असें कलेच्या इतिहासांत पुष्कळ वेळां आढळतें.

क्रौवेल गेल्यावर आइंडहोव्हनांत १९६५ पासून यान फान टोर्न हा रचनाकार आला. त्याचा पक्ष नेमका उलट. त्याच्या पुस्तिकांचें रूप, माप, सामग्री प्रत्येक वेळीं बदले. १९७१ सालच्या एका भित्तिपत्रकांत तर त्यानें संग्रहालयानें कोणत्या कलावंताची कृति केवढ्याला विकत घेतली त्या किंमतीच मांडल्या. प्रेक्षकाला चित्राविषयीं जें सहसा सांगत नाहींत तेंच नेमकें सांगावयाचें. रचनाकार तटस्थ राहूंच शकत नाहीं; तटस्थपणाचा आव हीसुद्धां एक बाजूच आहे; मग ती लपविण्यापेक्षां उघड घ्यावी, असें त्याचें म्हणणें. नोव्हेंबर १९७२ मध्यें ॲमस्टरडॅमच्या फोडोर म्युझियममध्यें ह्या दोघांची जाहीर वादसभा झाली. तिचा वृत्तान्त २०१५ सालीं इंग्रजी पुस्तकरूपानें निघाला आहे. तो वाचतांना आम्हांस आपल्या इकडील ‘कलेसाठीं कला’ व ‘जीवनासाठीं कला’ ह्या जुन्या रणांगणाची आठवण झाली; फरक एवढाच कीं, तेथें दोघांच्या हातांत शब्दांखेरीज स्वतः छापून काढलेले कागदही होते.

हा वाद आम्हांस केवळ परदेशची करमणूक म्हणून वाचतां आला नाहीं, ह्याचें कारण आमचा स्वतःचा एक अपराध आहे. आमच्या एका चित्रकार मित्राच्या प्रदर्शनासाठीं कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं पत्रकांत प्रस्तावना लिहिली होती. तिची छपाई पाहून आम्ही तेव्हां संतापलों होतों. संयोजकांनीं आमचा मराठी मजकूर एका चित्रावरच, फिक्या पिंवळ्या अक्षरांत छापला होता. त्यामुळें चित्र दिसेना आणि मजकूर वाचवेना. पण खरा धडा पुढें होता. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही दालनाच्या एका कोपऱ्यांत उभे होतों. एक मध्यमवयीन गृहस्थ डोळ्यांस ताण देऊन आमचें पत्रक वाचीत वाचीत चालले होते व बरोबरच्या बाईंना समजावून सांगत होते. एका मोठ्या पिंवळ्या चित्रापुढें बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, हें तर भाताचें शेत वाटतें, कापणीच्या आधींचें.” गृहस्थांनीं पत्रकांत बोट फिरविलें व म्हणाले, “छे छे, हें एकाकीपण आहे. येथें लिहिलें आहे, प्रोफेसरांनीं.” बाईंनीं एकदां पुन्हां चित्राकडे पाहिलें, “असेल बाई,” म्हणाल्या, आणि पुढें गेल्या. त्यानंतरच्या एकाही चित्रापुढें त्या बोलल्या नाहींत.

मित्राला आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो हंसला आणि म्हणाला, “तें शेतच आहे. आमच्या मामाचें.”

ह्या प्रसंगानंतर आम्ही कांहीं काळ क्रौवेलच्या पक्षाचे होऊन बसलों होतों. पत्रकांत मतें नकोत, प्रस्तावना नको. चित्रांचा क्रमांक, नांव, साल, माप द्यावें व गप्प बसावें. पण मोकळी यादीही निरुपद्रवी नसते, हें आमच्या राशीनें आम्हांस दाखविलें. तींत कांहीं पत्रकें नुसत्या यादीचीं होतीं, आणि तीं हातांत घेतल्यावर दुकानाचें दरपत्रक घेतल्यासारखें वाटलें. चित्राशीं कसें वागावें ह्याचा कांहींच संकेत न देणारा कागद प्रेक्षकाला मोकळें सोडतो खरा; पण जो घरून संकेत घेऊन आलेला नसतो त्याला तो दारांतच सोडतो. भाताच्या शेताची ओळख असलेल्या बाईंना दालनांत बोलण्याचा धीर यावा, एवढें काम तरी कागदानें केलेंच पाहिजे.

अमेरिकेंतील समीक्षक लूसी लिपर्ड हिनें ह्यावर काढलेली तोड आम्हांस फार चतुर वाटते. १९६९ सालीं सिॲटल येथें व १९७० सालीं व्हँकूव्हर येथें तिनें जीं प्रदर्शनें भरविलीं, त्यांचीं नांवें म्हणजे त्या त्या शहराच्या लोकसंख्येचे आंकडे. आणि सूचिपत्र म्हणजे ग्रंथालयांत असतात तसल्या सुट्या पत्त्यांची गड्डी. एकेक पत्ता एकेका कलावंताचा, कांहीं पत्ते लिपर्डच्या स्वतःच्या टिपणांचे. क्रम वाचकानें लावावा, नको तो पत्ता टाकून द्यावा. आमच्या त्या गृहस्थांना असा पत्ता टाकून देण्याची मुभा असती, तर बाईंचें शेत वांचलें असतें! त्याच १९६९ सालीं न्यूयॉर्कांत सेथ सीगलॉब ह्यानें तर सूचिपत्रालाच प्रदर्शन ठरविलें व दालनांतील वस्तु त्याच्या पुरवणीदाखल ठेवल्या. हा प्रयोग बुद्धीला रुचतो, पण त्यांतून पाहण्याची भूक भागत नाहीं. म्हणून त्यावर अधिक लिहीत नाहीं.

आमचें मत सांगावयाचें तर, सँडबर्गची बाजू आम्हांस शेवटीं अधिक खरी वाटते, त्याचे दोष गृहीत धरून. फान टोर्न म्हणतो तसा कागद बोलल्यावांचून राहत नाहीं. पण त्यानें चित्राविषयीं बोलावें कीं पाहणाऱ्याशीं बोलावें, हा निवड करण्याचा प्रश्न आहे, आणि ती निवड सँडबर्गनें केली. त्याचा खाकी कागद चित्राचा अर्थ सांगत नाहीं. तो बोटांना थांबवतो, पान हळू उलटावयास लावतो, आणि गुळगुळीत पानावर चित्र आलें कीं मागें सरतो. आणि जेथें कलावंतांनाच बोलावयाचें होतें तेथें त्यानें आपला हात आंवरलाही. नोव्हेंबर १९४९ मध्यें ‘कोब्रा’ ह्या तरुण चित्रकारांच्या मंडळाचें मोठें प्रदर्शन त्यानें स्टेडेलिकमध्यें भरविलें. वर्तमानपत्रांनीं त्यावर आकाशपाताळ एक केलें. त्या प्रदर्शनाचें सूचिपत्र म्हणून कोब्राच्या स्वतःच्या नियतकालिकाचाच चौथा अंक काढण्यांत आला.

१९४९ हें साल लिहितांना लेखणी आपोआप मुंबईकडे वळते. त्याच वर्षाच्या जुलैंत आरा, बाकरे, गाडे, हुसेन, रझा व सूझा ह्या सहाजणांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचें पहिलें प्रदर्शन बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनांत झालें. आज त्या भिंतीवर कोणतें चित्र कोणत्या शेजारीं होतें हें कोणी सांगूं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु सूचिपत्रासाठीं सूझानें लिहिलेली प्रस्तावना मात्र अर्वाचीन भारतीय चित्रकलेवरील पुस्तकांतून पुन्हां पुन्हां येते. एका पातळ कागदानें सहाजणांचें मंडळ इतिहासांत ठेवलें. तें मंडळ थोड्याच वर्षांत विखुरलें. सूझा तर त्याच वर्षीं विलायतेस गेला. पण ही प्रस्तावना इंग्रजींत होती, आणि तिची भाषाच पुढें वहिवाट झाली. गाडे, बाकरे हे मराठी बोलणारे. सूझा गोव्याच्या साळगांवचा. त्या दालनांत काय मांडलें आहे हें त्यांच्या शेजारपाजारच्या माणसांनीं वाचावें असा एकही कागद निघाला नाहीं, आणि पुढेंही क्वचितच निघाला. तेव्हां त्यास कारणें असतील. चित्रें घेणारे, त्यांवर लिहिणारे, दालनें चालविणारे इंग्रजी वाचणारे होते. पण आज दालनांत येणारा सगळा प्रेक्षक तोच नाहीं. शनिवारीं-रविवारीं जहांगीरच्या पायऱ्यांवर उभें राहून कोणीही ऐकावें, निम्म्या गप्पा मराठींत चाललेल्या असतात. पायऱ्या चढून आंत गेल्या कीं त्या बंद पडतात.

मराठी पत्रक काढावयाचें म्हटलें कीं रचनाकार कुरकुरतात कीं देवनागरी अक्षरें ‘आधुनिक’ दिसत नाहींत. आम्हांस हें कबूल नाहीं. सँडबर्गनें जें मोठ्या प्रयासानें साधलें, म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाहींसा करणें, तें देवनागरींत जन्मतःच साधलेलें आहे. आमच्याकडे कोणाच्याही नांवास मोठें अक्षर नाहीं. शिरोरेषेसारखी बळकट आडवी रेघ दुसऱ्या कोणत्या लिपींत फुकट मिळते? ती रेघ कागद फाडून काढावी, तुळईसारखी जाड करावी, कीं सुतासारखी बारीक ठेवावी, हें कोणीं नीट करून पाहिलें आहे? रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) ह्यांनीं देवनागरी अक्षरांवर आयुष्य वेंचलें. संगणकावरील ‘मंगल’ हें अक्षरवळण त्यांचेंच. त्यांनीं हातानें काढलेलीं अक्षरें ज्यांनीं पाहिलीं आहेत ते तरी ‘देवनागरींत होत नाहीं’ असें म्हणणार नाहींत. खर्चाची सबब तर मुळींच चालण्यासारखी नाहीं. आर्ट पेपरच्या चार पानांस जें लागतें त्याच्याहून कमींत खाकी कागदाचीं आठ पानें होतात.

त्याच चित्रकार मित्राचें पुढील महिन्यांत पुन्हां प्रदर्शन आहे. त्यानें, आश्चर्याची गोष्ट अशी कीं, पुन्हां आमच्याकडेच प्रस्तावना मागितली. आम्हीं ती लिहिली नाहीं. त्याच्याऐवजीं आम्हीं त्याला त्या तीन डच पुस्तिका व किराणा दुकानांतून आणलेला एक खाकी कागदाचा ताव नेऊन दिला, आणि प्रत्येक चित्राचें नांव, साल, माप, व तें कोठें बसून काढलें त्या गांवाचें नांव एवढें मराठींत लिहून काढण्याचें काम पत्करलें. मामाच्या शेताचें गांव त्यांत आहे. मधलीं दोन पानें कोरीं ठेवावीं असें मित्राचें म्हणणें आहे. प्रेक्षकानें त्यांवर काय दिसलें तें लिहावें, नाहींतर मुलांनीं त्याचीं होडकीं करावींत. छापखानेवाला कोऱ्या पानांचे पैसे घ्यावे कीं नाहीं ह्या विचारांत पडला आहे.

वाळवीनें न खाल्लेली बाकीची रास आम्हीं अद्याप रद्दींत दिलेली नाहीं. ती दिवाणखान्यांत, वाटेंत, पडून आहे, आणि घरांतून रोज पृच्छा होत आहे.